गेलाचं दुकान

त्याचं नाव गेला.
आपल्याकडचं जे 'गेला', उच्चार अगदी तोच.
जॉर्जियात हे पुरुषाचं साधं नाव आहे.
पंपांचे सुटे भाग विकायला मी त्या घळीतल्या गावी उतरले होते.
नाव ऐकून हसू आलं, म्हणून अर्थ सांगितला.
तोही हसला. मग घासायचं कापड खाली ठेवलं.
म्हणाला, तुमच्या भाषेत मग
मी सोडून सगळं गाव माझ्याच नावाचं.

मँगनीजची खाण मिटली तेव्हाची गोष्ट.
मुलगा पोलंडमध्ये ट्रकवर,
बायको थेसालोनिकीत, परक्या म्हाताऱ्यांना भरवते.
हा राहिला रोपवेच्या खालच्या ठाण्यात,
जिथे तारा उतरवून नेल्या आणि चाकं विसरली.
त्या चाकांचे त्याने दिवे केले.
खाणीतल्या दाबमापकाचाही एक,
काटा शून्यावर अडकलेला, मागून बल्ब.
तो कुणी घेत नाही.
शून्य कोण विकत घेईल, असं तोच म्हणतो
आणि रोज पुसतो.

मी तिथे असतानाच त्सियाला आली,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काही घेऊन.
बॅरिटोन. मुरमानचा.
खाणीच्या बँडमध्ये तो तेवीस वर्षं फुंकत होता,
मिरवणुकीत एक तास, अंत्ययात्रेत तीन.
"स्वयंपाकघरात टांगायचाय, टेबलावर.
भोक पाडायचं नाही.
पोचा काढायचा नाही, तो दिराच्या लग्नातला आहे."
एवढं बोलून ती जिन्यावर जाऊन बसली,
जणू गिरणीत दळण टाकलंय.

वरचं निकेल उडालं होतं. गेला घासत गेला.
पितळ उघडं पडलं.
आपल्याकडे हे लाजेचं,
इथे मात्र त्याने खिडकीशी नेऊन मला दाखवलं,
नातवाचा पहिला दात दाखवावा तसं.

पण वायर जाणार कुठून?
नळी तीनदा वळते, कळांपाशी चौथ्यांदा अडते.
तारेनं जमलं नाही. सायकलच्या स्पोकनं तर नाहीच.
शेवटी मासेमारीच्या दोऱ्याला त्याने
कापसाचा बोळा बांधला, तोंडाच्या बाजूनं आत सोडला,
ओठ पुसले,
आणि फुंकलं.

आवाज आला.
अडलेल्या म्हशीसारखा, लांब, ओला.
बोळा जागचा हलला नाही.
पुन्हा फुंकलं. या वेळी जरा वरचा.
जिन्यावरून त्सियाला म्हणाली, "सूर चुकला."
गेला गप्प.
"चालू दे. तो पण तिथेच चुकायचा."

सातव्या की आठव्या फुंकीला
कर्ण्याच्या तोंडातून बोळा बाहेर पडला,
हिरवट, कळांच्या तेलानं माखलेला.
तिनं तो घेतला, हुंगला, एप्रनच्या खिशात टाकला.
कुणी काही विचारलं नाही.
मग ती भलतंच बोलत बसली.
नव्वदीतल्या त्या हिवाळ्यांत वीज यायची रात्री दोनला,
आणि सगळ्या बायका उठून इस्त्री करायच्या,
खिडकी खिडकीत एक बाई, वाफ,
आणि हा शेजारचा मूर्ख माणूस
लोक जागेच आहेत म्हणून वाजवत बसायचा.
तासाभरानं वीज जायची.
तो थांबायचा नाही.

मजुरी म्हणून आंबट आलुबुखारांच्या चटणीची बरणी,
अक्रोडांची एक माळ, बाकीचे पैसे वसंतात.
आम्ही दोघांनी मिळून तो टांगला, मी स्टूल धरलं.
तिनं बटण दाबलं, बंद केलं, परत दाबलं.
"पिवळा आहे."
"पितळ आहे, बाई."
"हं."

पोच्यामुळे टेबलाच्या एका कडेला
उजेड नीट पोचत नाही.
गेला स्टुलावर चढायला निघाला, वाकडं सरळ करायला.
तिनं त्याचा सदरा धरून मागे ओढलं
आणि तेवढ्या अंधारात
मिठाचं भांडं ठेवलं.