मीठ

बॅटरी नीट धर, मोठी माय म्हणाली,
उजेड तिच्या डोयात नको पाडू, मांगं पाड.
मी बारा वर्षांचा. हात थंडीनं हलत होते
असं मी दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं.

बांडीचं पहिलं वेत.
दिवेलागणीपासून उठत होती, बसत होती,
शेपटी उचलून कोठ्याचा एकच कोपरा हुंगत होती,
तिथं ठेवलेलं कुणी उचलून नेल्यासारखा.
कारंज्याचा डॉक्टर फोनवर म्हणाला, निघालोच.
मग त्याचा फोन लागेना.
बारा वाजता शेताची लाईट आली,
तुरीपलीकडे झिंगराजीचा पंप घुरघुरायला लागला
आणि पाणमोट फुटली.

एक खूर दिसला. दुसरा दिसेना.

मोठ्या मायनं जवसाचं तेल खांद्यापर्यंत चोळलं,
त्याच तेलानं बांगड्या निघाल्या,
त्या माझ्या खिशात.
मग डोळे मिटून हात आत,
कणगीच्या तळाशी राहिलेलं काही चाचपावं तसा.
घावला, म्हणाली. दुमडला हाय.
पुढं खूप वेळ ती काही बोलली नाही.
बाबानं दावं बांधून ओढलं,
बांडी हंबरली तेव्हाच ओढलं, मधे नाही.

गोऱ्हा. पांढरा, ओला, लांब पायांचा.
मोठ्या मायनं नाकात काडी घातली,
मागच्या पायांनी उलटा धरला, छातीवर थापट्या मारल्या,
स्वतःचं तोंड लावून फुंकलं.
मी बॅटरी धरूनच होतो.
उजेड हलला नाही.
तोही नाही.

बांडी त्याला चाटत राहिली.
कान, मग डोळे, मग पुन्हा कान.

आड्याखाली पोत्यावर मैनीचं पिल्लू होतं, नऊ दिवसांचं.
मैनीला नाल्यात पान लागलं, तेव्हापासून
ते मोठ्या मायची बोटं चोखून दूध प्यायचं
आणि पिऊन झाल्यावरही बोटं सोडायचं नाही.

मिठाचा डबा आन, मोठी माय म्हणाली.

बाबानं बांडीसमोर ढेपीचं घमेलं ठेवलं.
तिनं मान वळवली तेवढ्यात
मेलेला गोऱ्हा पोत्यात, पोतं खांद्यावर,
खांदा मोहाकडे, अंधारात.
मोठ्या मायनं खालचं ओलं कुटार गोळा केलं,
बांडीच्या पोटातून जे जे आलं ते सगळं
मैनीच्या पिल्लाच्या अंगावर चोळलं,
पाठीवर, कपाळावर, शेपटीच्या बुडाशी.
वरून मीठ, मूठमूठ.
पिल्लू थरथरलं. मोठी माय त्याला म्हणाली,
जाय बापा, आता तुयं तू पाय.

बांडीनं हुंगलं. शिंग उगारलं.
पुन्हा हुंगलं आणि लाथ मारली.
ते पडलं, उठलं, बोटं समजून तिच्या गुडघ्याला लुचू लागलं.
मोठी माय जागची हलली नाही.
मग बांडीची जीभ एकदा त्याच्या पाठीवरून गेली
आणि थांबली,
आणि परत गेली.

मीठ तर चार चाटण्यांत संपलं असेल.
ती पहाटेपर्यंत चाटत होती.

आठ वाजता डॉक्टर मोटारसायकलवरून आला.
पिल्लाच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला, वहीत लिहिलं:
गवळाऊ, पहिलं वेत, नर, जिवंत.
पिल्लू मोठं दिसते, म्हणाला.
बाबा म्हणाला, चहा घ्या.
मोठी माय खाली बघून कास धूत होती,
मोकळ्या मनगटांनी.
बांगड्या माझ्याच खिशात राहिल्या,
शाळेत प्रार्थनेला उभा राहिलो तेव्हा वाजल्या.

पान्हा दुसऱ्या दिवशी मोकळा सुटला.
बिल्लेवाला फेसाळ तोंडानं कोठाभर नाचायचा,
तो दोन पावलं लांब गेला तरी बांडी घशातून बोलवायची.
आम्ही म्हटलं, फसली बिचारी.

पंधरा दिवसांनी मी जनावरं चारायला नेली.
संध्याकाळी परतताना बांडी मोहाखाली थांबली.
तिथं गवत नव्हतं, नुसती उकरलेली माती.
नाक टेकवून उभी राहिली.
मी काठी उचलली नाही.
कळप पुढं गेला, धूळ खाली बसली.

मग तिनं मान वर केली
आणि घराकडे धावत सुटली,
कळपाला मागं टाकून,
भरलेली कास दोन्ही मांड्यांना आपटत.