पाणी मुरतंय

सागिन उस्ता पोत्यात हात घालतो,
बोटांतून पांढरी कणी गाळतो, पिठीसाखरेसारखी,
जिभेवर ठेवणार इतक्यात मी ओरडते.
"हे तर बाळाच्या लंगोटात असतं!"
असतं. तेच. फक्त बारीक दळलेलं.
"म्हणजे माझा पूल आता मुतायचा नाही म्हण."
मिक्सरवरचा एर्नाज इतका हसतो
की त्याची टोपी वाळूत पडते.

मागच्या मे महिन्यात दोन खांब ओतले होते.
नारिनच्या खोऱ्यातून वारा आला,
नाक्यावरच्या शिपायासारखा, प्रत्येकाची झडती घेत,
आणि तिसऱ्या दिवशी खांबांवर तडे,
निवत्या दुधाच्या सायीला पडतात तसे.
उस्ताने ओले नमदे गुंडाळले होते.
रात्री दोनदा उठून भिजवले होते, बॅटरी दातांत धरून.
पण नमदा भिजवतो ती कातडी.
काँक्रीट आतल्या आत स्वतःचंच पाणी पिऊन वाळतं;
तिथवर नमदा पोचत नाही,
उस्ताही नाही.

म्हणून यंदा ही कणी.
घनमीटरला सव्वा किलो,
तिच्या वाटणीचं वीस लिटर पाणी वेगळं,
मोजून, माझ्या वहीत, सहीसकट.
नुसत्या पाण्यात ती शेकडो पट फुगते,
सिमेंटच्या खारट पाण्यात पंधरा पट झाली की
ताट पुढे सारते.

"माल घट्ट दिसतोय, गुलसायरा."
चाळीस वर्षं घट्ट मालाला उस्ताकडे एकच औषध: पाइप.
"पाणी बरोबर घातलंय."
"मग गेलं कुठे? कुठेतरी पाणी मुरतंय, पोरी."
हो, म्हणाले मी, तेच तर,
आणि पाइपवर पाय देऊन उभी राहिले.

भावाचे बूट, दोन नंबर मोठे.
त्याने एक हिसका दिला असता तर मी चिखलात होते.
तो बुटाकडे बघत राहिला.
माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं,
वहीत त्याची नोंद नाही.
मग त्याने पाइप सोडला
आणि व्हायब्रेटर मागितला.

सातव्या दिवशी ठोकळे फोडले:
साध्या मालापेक्षा दोन आकडे कमी.
मी ते खोडलं नाही.
अठ्ठाविसाव्या दिवशी, जवळपास बरोबरी.
उस्ताला आकड्यांशी देणंघेणं नाही.
तो कपातला उरलेला चहा खांबावर ओततो:
तडा असेल तर चहा सुकताना काळी रेघ मागे राहते.
चारी बाजूंनी ओतला.
चहा संपला, रेघ नाही.

जानेवारीत, उणे एकतीस असताना,
खांबातून काढलेला नळकांडीएवढा तुकडा
मी त्याला भिंगाखाली दाखवला.
"हे तर रिकामं आहे. भोकं भोकं."
कणीची जागा आहे ती, उस्ता.
पाणी हळूहळू देऊन टाकलं तिने, सगळं,
आता बघा, कडेला चिकटलेलं वाळकं सालटं.
आणि भोक?
बर्फ फुगतो तेव्हा त्याला पाय पसरायला.

तो बराच वेळ एक डोळा मिटून बसला.
मग विचारलं, पोतं कितीला पडतं.
सांगितलं. शिवी दिली.

बाहेर जाऊन त्याने सवयीने खांबावर चहा ओतला.
खाली यायच्या आतच तो गोठला,
एक लांब तपकिरी रेघ,
आणि उस्ता तिला नखाने खरवडत राहिला,
तडा नाही ना,
याची खात्री करत.