अकरावं प्रकरण

वडगावात, हजेरींच्या मागांवर मी दुसऱ्या पाळीला.
चार माग माझ्याकडं, चार फकीरप्पाकडं,
आणि डब्याच्या पिशवीत हंदिगनूरकर.
पुठ्ठा सुटलेला, वाचनालयाचा शिक्का,
तेलकट बोटांनी कडा आरपार दिसायला लागलेल्या.
दंड भरायचा, परत करायचं,
दुसऱ्या दिवशी तेच माझ्या नावावर काढायचं.
बाई म्हणायच्या, "दुसरं काहीच आवडत नाही काय रे तुला?"

जेवणाच्या सुट्टीत फकीरप्पा विचारायचा,
"मुंद एनातु?" पुढं काय झालं?
मराठी बोलतो तो, खरं वाचता येत नाही.
मला कानडी वाचता येतं ते बसच्या पाटीपुरतं.
म्हणून मी ती मराठी कादंबरी कानडीत सांगायचो,
भाकरीच्या एका घासाला एक परिच्छेद.

अकराव्या प्रकरणात तुळसा मरते.
फकीरप्पाची बायको तेव्हा सिव्हिलमध्ये होती.
मी तुळसाला मरू दिलं नाही.
हुबळीहून एक डॉक्टर आणला रात्रीच्या गाडीनं,
पुस्तकात कुठंच नसलेला.
मग सगळा घोळ.
बारावं प्रकरण तिच्या तेराव्यापासून सुरू होतं.
तिथून पुढं मला तिला
चालवावी लागली, जेवू घालावी लागली,
भांडायलासुद्धा लावली दिराशी.

श्रावणात फकीरप्पाची बायको गेली.
बारा दिवसांनी तो कामावर आला,
डबा उघडला,
बराच वेळ चटणीकडं बघितलं
आणि म्हणाला, "मुंद एनातु?"

त्याला कळलं होतं काय, मला ठाऊक नाही.
मी सांगत राहिलो.

हे सगळं हंदिगनूरकरांना लिहून माफी मागितली.
सतरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं,
पुण्याकडच्या कुठल्याशा वडगावाला जाऊन आलेलं.
पत्त्यात त्यांनी राज्य लिहिलं नव्हतं.
ती ओळ कोरी.

तुळसाबद्दल अवाक्षर नाही.
"तुम्ही मागावर आहात, तर एक सांगा.
धागा तुटताना आवाज कसा होतो?
मी 'टचकन' लिहिलंय. ते मला खोटं वाटतं.
मी माग फक्त खिडकीतून बघितलाय."

नऊ वर्षं कामाला होतो.
त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.
आठ मागांचा खडखडाट, वर पत्रा,
आणि मी मधे उभा, डोळे मिटून.
मालक ओरडले, फकीरप्पा हसला.

हिशेबाच्या कागदामागं लिहायला घेतलं:
सर, धागा तुटताना आवाज होत नाही.
असलेल्यातला एक कमी होतो.
हाताला आधी कळतं, कानाला मागनं.

इथं थांबायला हवं होतं.
खरं हात म्हटल्यावर फकीरप्पाचे हात आले,
त्याचं ते चटणीकडं बघणं आलं,
सिव्हिलच्या व्हरांड्यातला बाकडा,
हुबळीचा डॉक्टर आला न बोलावता,
बॅग खाली ठेवून विचारायला लागला, पेशंट कुठं आहे?

पत्र अजून टाकलं नाही.
नव्वद पानं झालीत.

वाचनालयाच्या प्रतीत, अकराव्या प्रकरणात,
'टचकन'खाली पेन्सिलीची एक रेघ आहे.
तिचाही दंड भरलाय.