झडतीवाली
(इंदूर, छावणी नाका, १९३१)

पडद्याच्या अलीकडे होळकरशाही,
पलीकडे साहेबाची रेसिडेन्सी,
मध्ये मी.
एक कंदील, एक पाट, महिना नऊ रुपये.
बायकांच्या अंगाला हात लावायला सरकारला बाई लागते.

मला हातांनी वाचता येतं.
निऱ्यांत अफू असली की लुगडं जड चालतं,
अंबाड्यात असली की बाई मान वळवत नाही.
पोट खरं की चिंध्यांचं,
ते तिच्या बसण्यावरूनच कळतं.

माघातल्या एका सकाळी
कृष्णपुऱ्याच्या पुलाखाली दारोगा दिघे सापडले.
गुडघाभर पाणी, तोंड उघडं.
पंचनाम्यात आलं : पाय घसरून.
पंचांना थंडी वाजत होती.
डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या,
तेवढ्या जवळून कुणी पाहिलं नाही.
मी पाहिलं.

त्याच रात्री, शेवटच्या टांग्यातून
देपालपूरची केसर उतरली.
हात वर कर म्हटलं. केले.
अंबाड्यात बोटांना लागलं
साखळीचं घड्याळ. चालू.
तिनंच चावी दिली असणार.
टिकटिक एवढी, की बाहेरचा शिपाई खाकरला,
"काय भागाबाई, मिळालं काही?"

केसर माझ्याकडे बघत नव्हती.
पाटाकडे बघत होती.
दिघे याच पाटावर बसायचे,
कंदील बारीक करून म्हणायचे,
हिची झडती मी घेतो, तू बाहेर हो.
मी बाहेर व्हायची.
सात वर्षं.
बाहेरून मोजायची, किती बांगड्या फुटल्या.

घड्याळ फडक्यात गुंडाळून मी तिचा अंबाडा बांधला,
लग्नाच्या दिवशी बांधतात तसा, घट्ट.
शिपायाला म्हटलं, काही नाही.
कारकुनाने लिहिलं, काही नाही.
खाली माझा अंगठा.

आता नवा दारोगा आलाय. तरुण आहे, हिशेब बघतो.
जप्तीच्या मालात दोन तोळे कमी कसे?
उंदीर, साहेब.
नखांत काळं कशाचं?
काजळ पाडते, साहेब.
विधवा बाई काजळ कुणासाठी पाडते,
हे विचारायचं त्याच्या जिभेवर होतं.
विचारलं नाही. पण चष्मा पुसला.

विचारेल एखाद्या दिवशी.
तोवर त्याला सुचायचं नाही,
की पौषातल्या एका झडतीत
केसरच्या ओटीत एक डबी गेली.
झडतीत हात नुसते काढून घेतात
असंच सगळ्यांना वाटतं.