चार इंच डावीकडे

घडीचा बाक घेतला तेव्हा फोंड्याचा दुकानदार म्हणाला,
मिटला की पुस्तकाएवढा.
असेल.
पण सतरा किलोचं पुस्तक ठेवायचं कुठे?
दाराआड ठेवला, पोराची नडगी फुटली.
फळ्यांच्या ढिगावर आडवा टाकला,
तर रोज हवी ती फळी नेमकी त्याच्याच खाली.

बाबांचा बाक मत्तीचा. सहा माणसांनी आणून ठेवला
आणि मग सावईवेऱ्यात त्याच्याभोवती साळ बांधली.
तो जागचा हलला नाही,
लाकूडच त्याच्याकडे चालत यायचं.
आता आम्ही लाकडाकडे जातो.
पर्वरीला, तिसऱ्या मजल्यावर,
वर्षातले अकरा महिने कुलूप असलेल्या फ्लॅटात,
जिथे कपाटालाही नदी दिसायला हवी असते.
म्हणून हा घडीचा.
पाय दुमडतो, गाडीत झोपतो, तक्रार करत नाही.

रविवारी ठरवलं, भिंतीवर टांगायचा.

भिंत चिऱ्याची.
ड्रिल लावलं की लाल पीठ गळत राहतं,
प्लास्टिकची गुल्ली आत नुसती गरगरते,
स्क्रू पकडतो आणि लाजल्यासारखा सोडून देतो.
मग बाबांचं जुनं उत्तर:
फणसाच्या वाळक्या लाकडाची चौकोनी खुंटी,
गोल भोकात,
हातोड्याने, ऐकेपर्यंत.
पावसात भिंत ओल धरते, खुंटी फुगते,
आणखी आत रुतून बसते.
आमच्या घरात ओलीने धरून ठेवलेली
तेवढीच एक गोष्ट.

मापं घेतली. पेन्सिल कानावर.
सुलक्षाने लेव्हल धरली, बुडबुडा मधोमध आला,
आणि मी थांबलो.

त्या भिंतीवर बाबांनी प्रत्येक हत्याराची सावली रंगवलीय,
खिडकीच्या उरलेल्या शेंदरी प्रायमरने.
रंधा. गिरमिट. वाकस. चढत्या मापाच्या पाच पटाश्या.
उचललंस ते त्याच्या सावलीत परत ठेव,
एवढीच त्यांची शिकवण, बाकी सगळं बघून बघून.
सगळी हत्यारं आहेत.
मोठी करवत नाही.
वाटणीत ती गुणाजीकडे गेली.
गुणाजी लांब नाही, देवळामागे, चालत पाच मिनिटं.
सतरा वर्षं आम्ही एकमेकांना
स्कूटरच्या आवाजावरून ओळखतो.

बाक बरोबर त्या सावलीवर येत होता.
दाते झाकले जात होते, मूठ तेवढी बाहेर.

"चार इंच डावीकडे घेऊ," मी म्हटलं.
"दार आपटेल."
"आपटू दे."
सुलक्षाने लेव्हल खाली ठेवली.
"नाशिल्ल्या करवतीखातीर?"
मी उत्तर दिलं नाही. ड्रिल चालू होतं,
निदान तसं दाखवायला ते चालू केलं.

दोन खुंट्या, दोन लोखंडी आकडे,
खाली पायांना टेकू म्हणून सागाची पट्टी.
उचलला, अडकवला, हात काढले.
तिघेही वाट बघत उभे. पोरगा तर मागे सरून.
नाही पडला.
खाली जमीन एवढी मोकळी झाली
की झाडू कुठून सुरू करायचा ते कळेना.

तेव्हापासून दार अर्धंच उघडतं.
मी आडवा होऊन आत शिरतो,
गिऱ्हाईकही, पोट आत ओढून.
परवा वखारीचा माणूस वैतागला:
"एवढी भिंत आहे मरे, जरा उजवीकडे मारायचे आकडे!"
तिथे काहीतरी टांगायचंय, मी म्हटलं.

सकाळी बाक काढून गाडीत टाकतो.
मागे दोन आकडे राहतात,
आणि त्यांच्या उजवीकडे
तीस दात्यांची शेंदरी रेघ.
दोनदा मोजलेत.
एकतिसावा असावा, पण तिथे पोपडा उडालाय.
संध्याकाळी देवळामागून स्कूटर येते,
वळणावर गियर बदलते.
त्या वेळी मी बहुधा दारातच असतो,
आडवा, अर्धा आत.