दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये

हबीबुलची तिनचाकी चढावरून मागे आली
तेव्हा तिच्यात नव्वद दिशदाशा होत्या, इस्त्रीच्या,
आणि हॉटेलच्या चादरींची दोन गाठोडी.
सायकल असती तर आडवी पडली असती.
तिनचाकी पडत नाही,
ती मान ताठ ठेवून मागे येते.
मतरहच्या त्या गल्लीत लोबानाच्या तीन टोपल्या उलटल्या.
दुकानदार ओरडला नाही. खाली बसून
एकेक खडा मोजायला लागला. ते जास्त वाईट.

मग गाडी माझ्या पुढ्यात.
सहा चकत्यांचा डिरेलर, कारखान्यातून आला तसा.
साखळीला तेल घातलं की वाळू चिकटते,
नाही घातलं की गंज; समुद्र इथं हवेतच असतो.
आणि डिरेलरची अट अशी, की
गिअर बदलायचा तर पाय चालू हवेत.
चढात थांबलात, संपलं.
जो लागलाय तोच तुमचा.

"फुंदी, बदलून टाक," खलफान म्हणाला.
मालकाचं बालपण झांझिबारात गेलं,
कारागिराला तो फुंदी म्हणतो.
गुहागरात मला सायकलवाला म्हणायचे,
तेही उधारी नसेल तर.

वादी कबीरच्या भंगारात तीन गिअरचा हब मिळाला.
अंगावर सालाचा ठसा, चौऱ्याहत्तर;
माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून सकाळी उघडला.
मध्ये सूर्य, जागचा न हलणारा,
भोवती चार ग्रह, त्यांना कवेत घेणारं दातेरी कडं,
आणि खिट्या. खिट्यांमागच्या स्प्रिंगा
केसाहून जराशा जाड. एक उडाली.
दुपारच्या बांगेपर्यंत मी गुडघ्यांवर
लोहचुंबक फिरवत होतो.
सापडली माझ्याच बाहीच्या दुमडीत.

तिनचाकीत हा हब चाकात जात नाही.
सीटखाली आडवा बसतो.
पायडलची साखळी त्याच्यात येते,
दुसरी त्याच्यातून निघून मागच्या आखाकडे जाते,
आणि तिथं दोन चाकांतलं एकच ओढतं.
दुसरं मोकळं, नुसतं सोबत फिरतं.
हे सांगितलं तर हबीबुल म्हणाला, आमच्या घरी असंच.
कोणतं चाक कोण, ते बोलला नाही.

लिव्हर डाव्या हाताला लावला.
उजवा अंगठा वाफेच्या इस्त्रीनं खाल्लाय.

पहिल्या चकरेला केबल सूतभर ढिली राहिली.
दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक जागा असते,
तिथं कुठलाच गिअर नाही. पाय गरगर फिरतात,
गाडी जागच्या जागी.
"फाका!" हबीबुल हसला.
चितगावकडे फाका म्हणजे रिकामं.
आमच्याकडे फाका म्हणजे चूल न पेटलेला दिवस.
कंपनीनं त्या जागेला आकडा दिलेला नाही.
मला ती ठाऊक आहे.

आखाच्या नटाला बारीकशी खिडकी असते.
दुसऱ्यात टाकायचं, आत डोकवायचं,
कांडीचं टोक आखाच्या टोकाशी जुळलं पाहिजे.
चष्मा कपाळावर, मोबाइलचा उजेड,
पाव फेरा. परत पाव.
थोडा जास्त झाला. मागे.

शुक्रवारी पहाटे, दुकानं बंद,
रियामच्या बाजूचा तो चढ.
मी मागून चाललो, हात कॅरिअरजवळ,
ढकलायला लागलं तर.
अर्ध्यावर तो थांबला. पूर्ण थांबला.
ब्रेक धरला, पाय सैल सोडले,
डाव्या अंगठ्यानं लिव्हर ढकलला. टक.
मग निघाला, म्हातारी जिना चढते तसा,
आणि माझा हात हवेत राहिला.

पहिल्यात हा हब बोलत नाही.
वळणापलीकडे गेल्यावर गाडी दिसेना,
नुसता समुद्र, एक मांजर, कुणाचा तरी खोकला.
मी उभा.
मग वरून बारीक टिकटिक आली,
दुसऱ्याची.