चाई

वेणी घालता घालता पंचफुलाचं बोट
कानामागं थांबलं.
"बाई, इथं रुपयाएवढं साफ हाये."

किडा लागला, म्हणाले सगळे.
लसूण घासला. उशीला आठ दिवस फोडणीचा वास.

वरोऱ्याची डॉक्टरीण म्हणाली, किडा नाही,
तुमचंच रक्त तुमच्या केसांना ओळखेना.
आणि कागदावर, ड जीवनसत्त्व : नऊ.
त्यानंच झालं?
"पक्कं नाही सांगता येत. दोघं संगतीनं दिसतात बरेचदा."

नऊ!
डांबर चपलेला चिकटतं त्या गावात
मला ऊन कमी पडलं.
हसले. मग आठवली
शिलाई मशीन, कूलर, लावलेली खिडकी,
बाहेर डोळ्यांपुरता दुपट्टा.

आता सकाळी खाटेवर मिरच्या पसरते,
शेजारी मी, डोकं उघडं.
धनपालचा पोरगा विचारतो,
काकू, तुम्ही कधी वाळसान?